नाताळच्या भेटीसाठी सुतळीचं रीथ (दारावर टांगायचं सजवलेलं कडं): कडं वाकतं, फळं गळतात त्यावर उपाय

पुठ्ठ्याचं कडं वाकतं, कारण खोक्याचा एकेरी पुठ्ठा त्याच्या आतल्या नागमोडी थराच्या नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो. म्हणून खोक्यातून दोन कडी कापावीत, बाहेरून ३० सेंमी, आतून २० सेंमी व्यासाची. एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवून फेविकॉलने चिकटवावं आणि रात्रभर वजनाखाली ठेवावं. छापील बाजू आत घ्यावी. कड्याभोवती गुंडाळलेली सुतळी आतल्या कडेला दाटते, बाहेर मात्र फटी राहतातच. तिथून तपकिरी पुठ्ठा दिसला तर खुपत नाही, साबणाची जाहिरात दिसली तर खुपते.

टांगायचा फास आधी बांधावा, मग गुंडाळायला घ्यावं. ३ मिमी जाडीची सुतळी साधारण २५ मीटर लागते.

सजावटीला सुरूची फळं उत्तम, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर फुकट मिळतात. ती चांगली कडक वाळवावीत. ओलसर लावली तर नंतर आकसतात आणि डिंकाची पकड सुटते. खरी अडचण ग्लू गनची, म्हणजे डिंकाची कांडी वितळवून लावणाऱ्या यंत्राची. दुपारचं ऊन येणाऱ्या दारावर तो डिंक मऊ पडतो, फळं एकेक करून गळतात. त्यामुळे मी डिंकावर विसंबतच नाही. बारीक तार फळाच्या बुडाकडच्या खाचांतून फिरवायची, दोन पीळ द्यायचे, पाच-सहा फळांचा झुबका करून तारेची टोकं सुतळीखाली खुपसायची. डिंक हवाच असेल तर मागच्या बाजूला एक थेंब.

झुबके खालच्या एका बाजूलाच लावावेत. कडंभर लावले की वजन वाढतं, शिवाय दिसतंही गिचमिड. लाल रिबीन शेवटी.