विदूषक आणि चेटकीण: बालनाट्य लिहिताना या चुका टाळा

धान निघाल्यावर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी बालनाट्येही लिहिली जातात. दरबारातला विदूषक दुष्ट चेटकिणीवर मात करतो, हे कथानक त्यांत लोकप्रिय असले तरी ते पुष्कळदा फसते.

सर्वांत गंभीर चूक चेटकिणीच्या चित्रणात होते. पिकलेले केस, फाटके लुगडे, हातात काठी आणि गावाबाहेरची झोपडी असे रूप दिले, की मुलांना त्यात गावातलीच एखादी एकटी म्हातारी दिसू लागते. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण होते म्हणून महाराष्ट्राला 2013 मध्ये कायदा करावा लागला, हे ध्यानात ठेवून चेटकिणीला गरिबी नव्हे, सत्ता द्यावी: ती तलावातल्या किल्ल्याची मालकीण असावी, तिने राज्यातल्या सर्वांचे हसू चोरून रांजणात कोंडलेले असावे, आणि तिच्या जादूची मर्यादा पहिल्याच प्रवेशात सांगितलेली असावी. मर्यादा ठाऊक नसेल तर शेवटची युक्ती मुलांना लबाडी वाटते.

दुसरी चूक म्हणजे शेवटी विदूषकाच्या हाती तलवार देणे. त्याचे विनोद काढून टाकूनही कथा पुढे सरकत असेल, तर त्याच्या जागी कोणताही शिपाई चालला असता. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात कोंडून ठेवलेल्या विदर्भकन्येला सोडवण्यासाठी विदूषक साप चावल्याचे सोंग करतो, उपचाराच्या निमित्ताने राणीची नागमुद्रेची अंगठी मिळवतो आणि ती दाखवून तिची सुटका करतो. सोंग हेच त्याचे शस्त्र आहे. (विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’मध्ये कपालकुंडलेसारखी भयंकर तांत्रिक स्त्री रंगवली, पण विदूषक मात्र ठेवला नाही. ही जोडी जमवण्याचे काम त्याने आपल्यासाठीच राखून ठेवले असावे.)

राजाला प्रमाण मराठी आणि केवळ विदूषकाला झाडीपट्टीची झाडीबोली दिल्यास हशा बोलीवर पिकतो, युक्तीवर नाही. राजालाही झाडीबोलीतच बोलू द्यावे.

प्रयोगात पहिली-दुसरीची मुले रडू लागली, तर संवाद बदलण्याआधी प्रवेशाचा क्रम तपासावा. ही मुले सतरंजीवर सर्वांत पुढे बसतात; म्हणून चेटकिणीचा पहिला प्रवेश अंधारात न ठेवता, विदूषक आधीपासून रंगमंचावर असताना, पूर्ण उजेडात करावा.