धुरीनंतरचा मिथाइल ब्रोमाइड: प्लाझ्मा कुठे आणि कसा बसवायचा

निर्यातीच्या लाकडी पॅकिंगमधली कीड मारायला आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार २१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला घनमीटरमागे ४८ ग्रॅम मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची २४ तास धुरी देतात. २० फुटी कंटेनरमध्ये (सुमारे ३३ घनमीटर) दीड किलोहून जास्त वायू जातो. शेवटी निम्मा तरी आत शिल्लक असावाच लागतो, आणि दार उघडलं की तो ओझोनच्या थराच्या जिवावर उठतो.

हा शिल्लक वायू सुमारे ६,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६,००० भाग) असतो. तो थेट प्लाझ्मात, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या विजेने आयनित केलेल्या, रेणू फोडणाऱ्या वायूत सोडू नका. वीज बेसुमार लागते आणि वायू अर्धवटच फुटतो. आधी सक्रिय कोळशाच्या दोन टाक्या एकापुढे एक लावा. त्यांतून निसटणाऱ्या शंभर-दोनशे पीपीएमसाठी प्लाझ्मा ठेवा.

चाचणीचा रिअ‍ॅक्टर असा: २१ मिमी आतल्या व्यासाची क्वार्ट्‌झ नळी, तिच्यात एका टोकाला बंद असलेली १७ मिमी बाहेरच्या व्यासाची दुसरी नळी, म्हणजे फट २ मिमी. एक इलेक्ट्रोड आतल्या नळीच्या पोटात, दुसरा बाहेरून गुंडाळलेली २०० मिमी लांब तांब्याची जाळी. दोन्ही धातू काचेआड हवेतच, कारण फुटलेल्या वायूतलं हायड्रोजन ब्रोमाइड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं. भिंती दीड-दोन मिमीच्या असतील तर १०-११ किलोव्होल्ट शिखराच्या आसपास जांभळट उजेड दिसू लागतो. काही किलोहर्ट्‌झचा, १८ किलोव्होल्टपर्यंत चढणारा पुरवठा घ्या. मिनिटाला ५ लिटर प्रवाह आणि ५० वॉट म्हणजे लिटरमागे ६०० जूल. इथून सुरुवात करा. वॉट प्लगच्या मीटरवरून धरू नका, ऑसिलोस्कोपवर विद्युतप्रभार-व्होल्टेजची आकृती काढून मोजा.

नळ्या टेफ्लॉनच्या हव्यात. रबर फुगतं. अ‍ॅल्युमिनियमचं फिटिंग कुठेही नको: मिथाइल ब्रोमाइडशी त्याची संयुगं हवेत आपोआप पेट घेतात.

खरं काम रिअ‍ॅक्टरच्या पुढे आहे. ९५ ग्रॅम वायूतून ८१ ग्रॅम हायड्रोजन ब्रोमाइड निघू शकतं. ते शोषायला वायू बाटलीतल्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून सोडा. त्याला ४० ग्रॅम कॉस्टिक लागतं. कार्बन डायऑक्साइडही कॉस्टिक खातो, म्हणून किमान तिप्पट घ्या आणि पीएच १० च्या वर ठेवा. द्रावणात सोडियम थायोसल्फेट घालाच, कारण प्लाझ्मातला ओझोन विरघळलेल्या ब्रोमाइडचं पुन्हा ब्रोमीन करतो. बाटलीच्या वरच्या काचेला तांबूस झाक आली तर थायोसल्फेट संपलंय. द्रावण दुधाळ झालं तर पीएच घसरलाय: आम्लात थायोसल्फेट फुटून गंधक बसतं. त्यानंतर थेंब अडवणारा सापळा, मग उरलेल्या ओझोनसाठी मँगनीज डायऑक्साइड.

क्वार्ट्‌झवर तपकिरी चिकट थर दिसला तर ऑक्सिजन कमी पडतोय. वाहक वायू नायट्रोजन नको, हवाच हवी. पाणी साचलं तर ठिणगी काचेच्या पृष्ठभागावरून पळते, म्हणून आधी ओलावा काढा.

बाहेर वायू दिसत नाही म्हणजे तो फुटला, असं मानू नका. आयन क्रोमॅटोग्राफीने (आयन वेगळे करून मोजायची पद्धत) द्रावणातलं एकूण ब्रोमीन मोजा: ९५ ग्रॅमला ८० ग्रॅम यायला हवं. कमी भरलं तर काही ब्रोमीन दुसऱ्या सेंद्रिय रूपात निसटतंय. गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायूतली संयुगं वेगळी करून ओळखणारं यंत्र) ते शोधा.

कमी प्रमाणात मिथाइल ब्रोमाइडला वास येत नाही. हवेची टाकी पाठीवर असलेला परवानाधारक माणूस आणि चालू डिटेक्टर यांच्याशिवाय झडप उघडू नका.