भाल्याने मासेमारी: पुण्याहून मालवणला निघण्यापूर्वीची कायदेशीर तयारी

पुण्याच्या जलतरण तलावात श्वास रोखण्याचा सराव झाल्यावर ज्यांना मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्पिअरगन (पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक) घेऊन उतरावेसे वाटते, त्यांनी सामान बांधण्याआधी अर्ज लिहायला बसावे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तिचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार होते. या कायद्यातील परवाना मासेमारी नौकेला दिला जातो. म्हणून पोहत जाणाऱ्या हौशी माणसाला सर्व मोकळीक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ठिकाण, तारीख, साधन आणि भाड्याच्या नौकेचा नोंदणी क्रमांक नमूद करून सिंधुदुर्गच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना पत्र पाठवावे आणि उत्तर लेखीच मागावे. पर्यटकांची ने-आण करणारी नौका मासेमारीसाठी परवानाधारक असेलच असे नाही, त्यामुळे नावाड्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये.

सर्वांत गंभीर बाब मालवण सागरी अभयारण्याची आहे. १९८७ मध्ये घोषित झालेले हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत गळ, जाळे, चाकू यांच्यासह प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते. म्हणजे एकही मासा न मारता, नौकेत नुसती स्पिअरगन ठेवून हद्द ओलांडली तरी कायद्याचा भंग होऊ शकतो. पर्यटनासाठी मिळालेली प्रवेशाची परवानगी ही शिकारीची परवानगी नव्हे. माझ्या मते या हद्दीत स्पिअरगन नेऊच नये. अभयारण्याचा नकाशा वन विभागाकडून घेऊन जागा त्याबाहेरच निवडावी.

अभयारण्याबाहेरही व्हेल शार्क, करवत मासा, सागरी कासवे आणि प्रवाळ यांना कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिले आहेत. ती यादी सोबत असावी. जाळ्यातला लहान मासा जिवंत सोडता येतो, भाला लागलेला मासा वाचत नाही, म्हणून आकाराचा निर्णय नेम धरण्यापूर्वीच व्हायला हवा. त्यात पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते: ४० सेंटिमीटरचा भासणारा मासा प्रत्यक्षात ३० सेंटिमीटरचाच असतो. शंका आली तर भाला सोडू नये.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, तेव्हा सहल पावसाळ्यानंतरच आखावी. तोवर सराव म्हणून खडकवासला किंवा पानशेतच्या जलाशयात भाला घेऊन उतरण्याचा विचार करू नये. धरणांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, त्यामुळे तेथेही आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या पुणे कार्यालयात चौकशी करावी लागते.