जुन्या फोर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कारच्या डॅशवर दिवे पेटले तर
एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि फोर व्हील ड्राइव्हचा दिवा एकदमच लागला की लोक गिअरबॉक्स गेला म्हणून डोकं धरून बसतात, पण थांबा जरा, बऱ्याच गाड्यांत दोन्ही सिस्टीम चाकांच्या त्याच स्पीड सेन्सरवर चालतात. आधी बॅटरी बघा, इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण 14, कमी आलं तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा) तपासा, व्होल्टेज पडलं की जुने कंट्रोल युनिट (या सिस्टीमचे छोटे कॉम्प्युटर) उगाच बोंबलतात. मग चाक काढून सेन्सरचं टोक पुसा, आत मॅग्नेट असतो ना, काळा लोखंडी कीस चिकटून बसतो. मी तर सेन्सरची वायरच आधी वाकवून बघतो, तिथेच तुटलेली सापडते. टायर चारही सारखे झिजलेत ना? नाहीतर चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो आणि सिस्टीम गोंधळते. ऑइलचा लाल दिवा असेल तर मात्र हे काहीच करत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.