फायबर नेटवर्कसाठी पॅसिव्ह घटक कसे निवडावेत

कनेक्टर, अ‍ॅडॉप्टर, पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा), प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर, प्रकाश मुद्दाम कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर आणि तरंगलांबीनुसार प्रकाश वेगळा करणारे डब्ल्यूडीएम फिल्टर हे सगळे विजेविना चालतात. परंतु यांतला प्रत्येक घटक थोडा प्रकाश खातो आणि खाल्लेला प्रकाश भरून देणारे वाटेत काही नसते. म्हणून खरेदीपूर्वी लॉसचा, म्हणजे वाटेत घटणाऱ्या प्रकाशाचा, हिशेब कागदावर मांडावा.

जीपॉनच्या (एकाच फायबरवरून स्प्लिटरने अनेक ग्राहकांना जोडणाऱ्या पद्धतीच्या) बी-प्लस या लॉस-वर्गात एकूण लॉस १३ ते २८ डीबी (डेसिबल) या मर्यादेत असावा लागतो. हिशेब १३१० नॅनोमीटरवर करावा, कारण ग्राहकाकडून येणारा प्रकाश याच तरंगलांबीवर असतो आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा तेथे फायबरचा लॉस जास्त, म्हणजे किलोमीटरला सुमारे ०.३५ डीबी असतो. समजा अंतर १० किलोमीटर आहे: फायबरचे ३.५, १:३२ स्प्लिटरचे सुमारे १७, चार कनेक्टर-जोडांचे प्रत्येकी ०.५ प्रमाणे २ आणि सहा फ्यूजन स्प्लाइसचे (फायबर वितळवून केलेल्या जोडांचे) ०.६ धरून बेरीज २३.१ डीबी होते. पुढील दुरुस्त्यांसाठी ३ डीबी राखूनही हे जमते. येथेच १:६४ स्प्लिटर घेतल्यास साधारण साडेतीन डीबी वाढतात आणि राखीव जेमतेम १.४ डीबी उरते. केबल वारंवार तुटून नवे जोड वाढत गेले की अशा लाइनवरच्या तक्रारी सुरू होऊ शकतात.

समान वाटणीसाठी पीएलसी (चिपवर बनवलेला) स्प्लिटर घ्यावा, कारण १२६० ते १६५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याचे वर्तन जवळपास सारखे राहते. एकाच फायबरवर जागोजागी थोडा प्रकाश काढून घ्यायचा असेल, तर १०:९० सारखी असमान वाटणी देणारा एफबीटी (फायबर एकमेकांत वितळवून बनवलेला) स्प्लिटर सोयीचा. मात्र त्याचा लॉस तरंगलांबीनुसार बदलतो, हे तपासून घ्यावे.

कनेक्टरच्या बाबतीत रंगाकडे दुर्लक्ष करू नये. यूपीसी आणि एपीसी हे टोक घासण्याचे दोन प्रकार आहेत: निळ्या यूपीसीचे टोक जवळपास सरळ घासलेले असते, तर हिरव्या एपीसीचे टोक ८ अंशांनी तिरपे असते, जेणेकरून परावर्तित प्रकाश गाभ्यातून (प्रकाश वाहणाऱ्या मधल्या भागातून) मागे न जाता क्लॅडिंगमध्ये (त्याभोवतीच्या आवरणात) विरतो. अ‍ॅडॉप्टरमध्ये हे दोन्ही एकमेकांत सहज बसतात (दुर्दैवाने), पण टोके नीट भिडत नसल्यामुळे लॉस बेसुमार वाढतो आणि टोकांवर ओरखडेही पडू शकतात.

अशा नेटवर्कमधल्या सिंगलमोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही त्यावर बसला तर सिग्नल अडतो. नवीन पॅच कॉर्डदेखील जोडण्यापूर्वी क्लीनरने पुसावी, तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली पाहावी आणि मगच लावावी. अ‍ॅडॉप्टरच्या पलीकडील टोकही तितकेच स्वच्छ हवे. चालू फायबरच्या टोकात मात्र कधीही डोकावू नये, कारण हा अवरक्त प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

अ‍ॅटेन्युएटर बहुधा चाचणीच्या टेबलावरच लागतो. बी-प्लसच्या ग्राहक-उपकरणाला उणे ८ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे प्रकाशाच्या शक्तीचे एकक) जास्त प्रकाश सहन होत नाही, म्हणून ओएलटी (सेवा पुरवठादाराकडील उपकरण) आणि हे उपकरण लहानशा पॅच कॉर्डने जोडताना मध्ये १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर घालावा.

उभारणीनंतर स्प्लिटरच्या प्रत्येक पोर्टवर पॉवर मीटर लावून मिळालेले आकडे तारखेसह नोंदवावेत. एखादा पोर्ट शेजारच्यांपेक्षा दीड-दोन डीबीने कमी दिसला, तर आधी तेथील कनेक्टर पुसून पुन्हा मोजावे आणि तरीही फरक राहिला तरच स्प्लिटर बदलण्याचा विचार करावा.