मोटरहोमसाठी हवा भरण्याचा पंप निवडताना

मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, हवा भरण्याचा छोटा पंप घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहतो. ‘कमाल दाब १५० पीएसआय’ असे त्यावर ठळक छापलेले असते (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक). आपल्या मागच्या टायरला ६५ लागतात, म्हणजे पंपात दुपटीहून अधिक ताकद आहे, असा हिशेब मनात होतो आणि पैसे दिले जातात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण तो आकडा पंप शेवटी कुठवर दाब देऊ शकतो एवढेच सांगतो. तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल आणि तोवर पंप तग धरेल का, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

मी स्वतः हीच चूक केली होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली आमची गाडी जानेवारीत अंबाजोगाईजवळ नातेवाइकांच्या शेतात रात्रभर उभी होती. तूर नुकतीच काढलेली होती आणि तिच्या खुंटाचे टोक किती धारदार असते, हे ट्रॅक्टरवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. सकाळी मागच्या एका टायरमध्ये ६५ ऐवजी ४० हवा उरली होती. कारसाठी घेतलेला पंप लायटरच्या सॉकेटला लावला. आकडा ४० वरून ४८ पर्यंत गेला, तोपर्यंत नळीचे पितळी तोंड हाताला धरवेना इतके तापले आणि पंप आपोआप बंद पडला. अर्ध्या तासाने तो पुन्हा सुरू झाला आणि तीन मिनिटांत पुन्हा थांबला. शेवटी मोटरसायकलवरून बोलावून आणलेल्या पंक्चरवाल्याने पंप हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “काका, ही कारची मशीन हाय. हिला टेम्पोची हवा झेपत नसती.” पुढच्या सगळ्या तपशिलाचे सार त्या एका वाक्यात होते.

आता हिशेब नीट मांडू. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरच्या पोटात साधारण ५० लिटर जागा असते. वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असल्यामुळे टायरमधला दाब तेवढ्याने वाढवायचा असेल, तर बाहेरची आणखी ५० लिटर हवा आत कोंबावी लागते. म्हणजे १० पीएसआय वाढवायला सुमारे ३४ लिटर आणि ४० वरून ६५ वर जायला सुमारे ८५ लिटर हवा लागते. पंपावर ‘मिनिटाला ३५ लिटर’ असे लिहिलेले असले, तरी तो आकडा बहुधा नळी मोकळी सोडून मोजलेला असतो. समोर दाब उभा राहिला की प्रवाह झपाट्याने घटतो आणि छोट्या पंपाचा तो ६० पीएसआयच्या आसपास मिनिटाला आठ-दहा लिटरांवर येऊ शकतो. म्हणजे त्या एका टायरला नऊ-दहा मिनिटे सलग चालणे आले, आणि अनेक छोट्या पंपांची सलग चालण्याची मर्यादाच तेवढी असते. कारच्या टायरला ३० वरून ३३ करणे हे त्यांचे खरे काम आहे आणि ते काम ते चांगले करतात.

म्हणून दुकानदाराला किंवा कंपनीला विचारायचा प्रश्न असा: माझ्या टायरला लागणाऱ्या दाबावर हा पंप मिनिटाला किती लिटर हवा देतो, आणि त्या दाबावर तो सलग किती मिनिटे चालतो? चांगल्या पंपाच्या माहितीपत्रकात ० पीएसआयला किती, ३० ला किती, ६० ला किती असा तक्ता असतो. तो तक्ता नसेल, तर तो पंप मोटरहोमसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चालण्याचा आणि विश्रांतीचा वाटाही तिथेच दिलेला असतो. ३३ टक्के असे लिहिले असेल, तर दहा मिनिटे चालवल्यावर वीस मिनिटे थांबवावे, असा त्याचा अर्थ होतो.

हा प्रश्न विचारण्यासाठी आपल्या गाडीला नेमका किती दाब लागतो, हे आधी ठाऊक असले पाहिजे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो, परंतु मोटरहोमच्या बाबतीत तेवढ्यावर थांबता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या प्रवासी वाहनाच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. पलंग, कपाटे, जादा बॅटऱ्या, गॅसची शेगडी आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी चढली की वजनाची वाटणी बदलते. नुसते पाणीच शंभर किलो भरते. त्यामुळे प्रवासाला निघताना जसे सामान असते तसे भरून, टाकी पूर्ण करून, गाडी एकदा मोंढ्यातल्या किंवा साखर कारखान्याच्या भुईकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन, मग पूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके, अशी तीन वजने करून घ्यावीत. मागच्या आसाचे वजन हाती आले की टायर कंपनीच्या भार-दाबाच्या तक्त्यावरून मागच्या चाकांचा योग्य दाब काढता येतो. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब मात्र ओलांडायचा नाही. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच मोटरहोमवर कॅम्पिंग वाहनांसाठीचे ‘सीपी’ खुणेचे टायर असतात आणि त्यांच्या मागच्या चाकांना ५.५ बार, म्हणजे जवळपास ८० पीएसआयपर्यंत दाब लागतो. तशी गाडी असेल, तर पंपाची निवड आणखी काटेकोर करावी लागेल.

पंप कोणत्या जातीचा घ्यावा, हा पुढचा प्रश्न आहे. स्वतःची बॅटरी असलेला बिनतारी पंप हाताळायला सर्वांत सोयीचा असतो, पण एका भरणीत मोटरहोमच्या दोन टायरांचे काम झाले तरी पुष्कळ समजावे. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतले तापमान लिथियम बॅटरीला सोसणारे नसते. तो घेतलाच, तर तळपत्या काचेजवळ ठेवू नये आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नये. लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाची मर्यादा सॉकेटच्या फ्यूजने ठरते. बहुतेक गाड्यांत तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १२० ते १८० वॉट मिळतात; याहून जास्त ताकदीचा पंप तिथे लावला तर फ्यूज उडतो. मोठा फ्यूज बसवून वाट काढणे धोक्याचे आहे, कारण मग फ्यूजच्या ऐवजी आतली वायर तापते. मोटरहोमसाठी मी शिफारस करतो ती थेट बॅटरीच्या टोकांना चिमट्यांनी जोडायच्या, धातूच्या आवरणाच्या, दोन सिलिंडरच्या १२ व्होल्ट पंपाची. तो ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक वीज घेऊ शकतो, वजनाने जड असतो आणि महाग असतो. तरीही मागची दोन्ही चाके थांबून राहण्याची वेळ न येता भरून देणारा हाच एक प्रकार माझ्या अनुभवात आला आहे. तो चालवताना इंजिन सुरू ठेवावे, म्हणजे बॅटरी उतरत नाही. मात्र बंद शेडमध्ये तसे करू नये.

लांबीचा विचार बहुतेक जण विसरतात. बॅटरी पुढे आणि मागचे चाक चार-पाच मीटर लांब, अशी मोटरहोमची रचना असते. अशा वेळी विजेची वायर वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या सात मीटर वायरमधून १५ अँपिअर नेले, तर जाण्यायेण्याच्या वाटेत विजेचा दोन व्होल्टांहून अधिक दाब गळतो, १२ व्होल्टचा पंप दहा व्होल्टांवर धापा टाकतो आणि वायर गरम होते. त्याऐवजी हवेची नळी वाढवावी. नळी लांब झाली तर हवा भरायला थोडाच जास्त वेळ लागतो. खरेदीच्या वेळी बॅटरीपासून सर्वांत दूरच्या चाकापर्यंत दोरी लावून मोजून घ्यावे आणि नळी त्याहून मीटरभर जास्त मिळेल असा पंप पाहावा. गाडीतल्या दिवे-पंख्यांसारख्या घरगुती वापरासाठी बसवलेली दुसरी बॅटरी मागच्या बाजूला असेल, तर तिच्यावरून पंप चालवणे अधिक सोयीचे ठरते.

नळीच्या टोकाकडेही बारकाईने पाहावे. आट्याचे पितळी तोंड घट्ट बसते, पण काढताना दोन-तीन फेरे द्यावे लागतात आणि तेवढ्यात थोडी हवा निसटते. खटक्याचे तोंड पटकन निघते. ते प्लास्टिकचे असेल तर जास्त दाबावर घसरते, म्हणून धातूचेच घ्यावे. मागे जोडटायर असतील, तर आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत तोंड पोहोचते का, हे दुकानातच नव्हे तर आपल्या गाडीजवळ नेऊन तपासावे. बहुधा व्हॉल्व्हला धातूची जोडनळी लावून घ्यावी लागते.

पंपावरच्या काट्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. पंप चालू असताना नळीतला दाब टायरपेक्षा जास्त असतो, त्यामुळे काटा पुढचा आकडा दाखवतो. पंप थांबवून मगच वाचावे. ठरलेल्या दाबावर आपोआप थांबणारे डिजिटल पंप सोयीचे आहेत, तरी एक चांगला स्वतंत्र काटा जवळ असावा आणि पंपाचा आकडा त्याच्याशी एकदा ताडून पाहावा. दोन पीएसआयचा फरक निघाला, तर तो लक्षात ठेवून काम चालते; फरक दर वेळी वेगळा येत असेल, तर पंप परत करावा.

मराठवाड्यात उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातल्या तफावतीमुळे पंपाची गरज विशेष भासते. मे महिन्यात परभणीला ४० अंशांत ६५ पीएसआय हवा भरली आणि टायरमधून काहीही गळले नाही, तरी डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत तीच हवा साडेसात पीएसआयने कमी भरते. याउलट, तापलेल्या रस्त्यावरून आल्यावर ६५ चे ७५ झालेले दिसले म्हणून हवा सोडणे ही मोठी चूक आहे, कारण चालण्याने टायर तापून दाब वाढणे स्वाभाविक असते आणि थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो. मोजणी नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी करावी. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर हे विशेष महत्त्वाचे आहे. सिमेंट काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर कमी हवेचा, भारलेला टायर तासन्‌तास वळत-दबत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते हे खरे आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. स्वतःचा पंप जवळ बाळगण्याचे खरे कारण तेच आहे: सकाळच्या थंड टायरला, उभ्या जागी हवा देता येते.

इथल्या काळ्या मातीची बारीक धूळ पंपाच्या आत गेली तर त्याचे आयुष्य कमी होते. हवा ओढण्याच्या तोंडाशी काढून धुता येणारी जाळी असलेला पंप घ्यावा आणि वापरताना तो जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा. सुती फडके जवळ असावे, कारण चांगल्या पंपाचेही पितळी तोंड तापतेच.

एका बाबतीत कोणताही पंप वापरू नये. हवा उतरलेल्या अवस्थेत जो टायर काही अंतर चालला आहे, त्याच्या बाजूची आतली वीण तुटलेली असू शकते आणि पुन्हा हवा भरताना तो टायर जागेवर फुटू शकतो. तसा टायर काढून जाणकाराला आतून दाखवावा. एरवीही भरताना टायरच्या बाजूसमोर बसू नये. लांब नळीचा हाही एक फायदा आहे.

पंप घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, त्याची परीक्षा घ्यावी. पंक्चरच्या दुकानाशेजारी गाडी उभी करून मागच्या एका टायरची हवा ६५ वरून ५० वर आणावी आणि घड्याळ लावून पुन्हा ६५ करावी. त्यासाठी सुमारे ५१ लिटर हवा लागते, म्हणजे गेलेल्या मिनिटांनी ५१ ला भागले की खरा प्रवाह समोर येतो. तीन मिनिटांच्या आत काम झाले, तर पंप घेण्यासारखा आहे. लगेच दुसऱ्या चाकावरही तेच करून पाहावे, कारण पहिल्या चाकाला सगळेच पंप बरे वाटतात. काही बिघडलेच, तर पंक्चरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर शेजारी असतोच.

त्याच वेळी स्टेपनीही तपासून घ्यावी. ती मागच्या बाजूला गाडीखाली टांगलेली असते आणि व्हॉल्व्ह वरच्या अंगाला गेलेला असेल, तर तिथे नळी पोहोचतच नाही. ती एकदा उतरवून, मागच्या चाकाच्या दाबाइतकी हवा भरून, व्हॉल्व्हचे तोंड खाली करून पुन्हा चढवावी.