समुद्राखालच्या गोठलेल्या जमिनीचं मॉडेल कसं बनवायचं (लोडशेडिंग धरून)

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की दरवर्षी तेच, ज्वालामुखी, ठिबक सिंचन नाहीतर थर्माकोलची पवनचक्की. यंदा आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या आठवीच्या दोन पोरींनी पर्माफ्रॉस्ट (गोठलेली जमीन) अन् गॅस हायड्रेट हा विषय घेतला तर स्टाफरूममध्ये सगळे हसले, म्हणे मे महिन्यात ४६ डिग्रीत भाजून निघणाऱ्या गावात हे काय काढलं बाप्पा. पण मॉडेल जमलं, अन् आता बाजूच्या शाळांचे सर लोक फोन करून राह्यले की कसं केलं सांगा, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक गोंधळ काढून टाका, नाहीतर परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला पोट्टे अडकतात. पर्माफ्रॉस्ट म्हणजे जमीन, माती असो की खडक, जी सलग दोन वर्षं तरी शून्य डिग्रीला किंवा त्याखाली आहे. गॅस हायड्रेट म्हणजे पाणी अन् गॅस (इथं मिथेन) मिळून झालेला बर्फासारखा पदार्थ, त्याला थंडी लागते आणि वरून दाबही लागतो. दोन्ही कधी एकाच ठिकाणी असतात कधी नसतात. व्हॉट्सॲपवर दोन्हीचं एकच भरीत करून फिरवतात, ते वाचून मॉडेल करू नका.

सुरुवात मातीपासून. शेतातली काळी माती चाळून घ्या, निम्मी रेती मिसळा, नुसती काळी घेतली तर फुगते, आणि दगड झाला की कळत नाही आत गोठली का नाही. स्टीलचे तीन सारखे डबे घ्या. दोन डब्यांत माती साध्या पाण्यानं भिजवा, एकात मिठाच्या पाण्यानं. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असते, आम्ही तिप्पट घातलं कारण फरक लवकर दिसायला पाहिजे, पण ते चार्टवर सरळ लिहून टाकलं, लपवायचं काहून? रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्या पहिल्या खेपेला रात्री दोन वाजता लाईन गेली ते सकाळी आठला आली, डब्यात निव्वळ चिखल. म्हणून दोन रात्री धरूनच चाला.

आता दोन्ही मातीत एकाच जाडीचा खिळा दाबायचा. साध्या पाण्याची माती खिळा घेत नाही, खारी माती तेवढ्याच थंडीत मऊ राहते अन् खिळा आत जातो. हा सगळ्या मॉडेलचा जीव आहे, यावर वेळ घालवा. सायबेरियाच्या उत्तरेला लाप्टेव्ह समुद्र आहे, पूर्व सायबेरियन समुद्र आहे, कॅनडा-अलास्काकडे ब्युफोर्ट समुद्र, तिथं तळाचं पाणी कितीतरी ठिकाणी शून्याच्याही खाली असते (खारं पाणी उणे १.८ डिग्रीच्या आसपास गोठते) आणि तरी खालची गोठलेली जमीन हळूहळू सुटते, कारण मीठ मातीत उतरत जाते. वरून मीठ, खालून पृथ्वीची ऊब. मटका कुल्फीवाला बर्फात खडेमीठ टाकतो तेच गणित आहे, पोरांना ते लगेच कळते.

पण समुद्राखाली जमीन गोठली कशी, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर टबनं द्या. पारदर्शक टबमध्ये गोठलेल्या साध्या मातीची वडी तिरपी ठेवा, वर प्लास्टिकचा हत्ती उभा करा (मॅमथ मिळत नाही, कापूस चिकटवून घ्या), मग कडेनं हळूहळू थंड मिठाचं पाणी सोडा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता, ही सगळी उघडी जमीन होती, तिच्यावर मॅमथ चरायचे, तेव्हा ती गोठली. नंतर बर्फ वितळला, समुद्र चढला, जमीन बुडाली. ती थंडी हजारो वर्षं झाली तरी अजून आत आहे. पोरीनं तिथं स्वतःच सांगितलं की जसं आमच्या इकडं धरणात गावं बुडाली तसं. मला ते वाक्य चार्टवर घ्यायचं सुचलंच नव्हतं.

आता हायड्रेट. खरं हायड्रेट शाळेत होत नाही, त्याचा नाद सोडा. बर्फाखाली कार्बाइड ठेवून काडी लावून जळणारा बर्फ दाखवणारे आहेत, ते बिलकुल करू नका, त्यात ॲसिटिलीन जळतो, मिथेन नाही, म्हणजे धोका तो धोका अन् वरून खोटं. गोबरगॅसची नळी आणायची आयडियाही आमच्या एका पोट्ट्यानं दिली होती, मी हात जोडले.

त्यापेक्षा पिंजरा बनवा. खराट्याच्या पाच-पाच सेंटीमीटरच्या ३० काड्या आणि सायकलच्या दुकानातली वालट्यूब. अरविंद गुप्तांच्या काडेपेटीच्या काड्यांच्या खेळण्यांची जुनी युक्ती आहे ही. ट्यूबचा छोटा तुकडा, मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक, दोन टोकांत दोन काड्या, भोकात तिसरी. असे २० जोड केले की १२ पंचकोनांचा गोळा तयार होते. प्रत्येक जोड म्हणजे पाण्याचा एक रेणू. गोळा हातात घेतला की लुळा पडते, चपटा होते, पोरं म्हणतात सर बिघडला. बिघडला नाही! आत फुगा घालून फुगवा, टणटणीत उभा राहते. फुगा म्हणजे मिथेन. खऱ्या हायड्रेटमध्येही रिकामा पिंजरा टिकत नाही, आतल्या गॅसनंच तो उभा असते. (मिथेनच्या हायड्रेटमध्ये याच्यासोबत थोडे मोठे पिंजरेही असतात, विचारलं तर सांगा.)

गॅस किती बसते ते दाखवायला लिटरची बाटली आणि २०० लिटरचा निळा ड्रम शेजारी ठेवा, ड्रमवर खडूनं १६० ला रेघ मारा. लिटरभर हायड्रेट सुटलं की बाहेर साधारण तेवढा गॅस होते.

दाबासाठी विहीर वापरा. दर १० मीटर पाण्याला अंदाजे एक वातावरण (म्हणजे आपल्यावर हवेचा असते तेवढा) दाब वाढते. आपली ६० फुटी विहीर काठोकाठ भरली तरी तळाला दोन वातावरणंही वाढत नाहीत, आणि शून्य डिग्रीला मिथेन हायड्रेट टिकायला २६ च्या आसपास पाहिजे. म्हणजे चौदा विहिरी एकावर एक. आमच्या पोरींनी चौदा कागदी ग्लास एकावर एक चिकटवले, झालं.

इथं एक खाचखळगा आहे. पूर्व सायबेरियन समुद्राचा उथळ भाग सरासरी ५० मीटर खोल, तीनच विहिरी. मग तिथं हायड्रेट कसं? असलंच तर तळाच्याही खूप खाली, एकूण खोली २०० मीटरच्या पुढं गेल्यावर, गोठलेल्या थरात किंवा त्याखाली. त्यामुळं तिथं वर येणारा प्रत्येक बुडबुडा हायड्रेट फुटल्याचा म्हणता येत नाही, सुटलेल्या चिखलात जुना पालापाचोळा कुजूनही मिथेन होते. शास्त्रज्ञांचे यावर वाद आहेत, पोरांनी वाद आहेत असंच सांगावं. खोल पाण्यातला मिथेन बहुतेक वाटेतच विरघळते, त्याला बॅक्टेरिया खातात. उथळ पाण्यात तो हवेपर्यंत पोचू शकते, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट गरमी धरते. एवढं पुरे. बॉम्ब, स्फोट, बर्म्युडा ट्रँगल हे शब्द चार्टवरून खोडा.

परीक्षक हमखास विचारतात, भारताचं काय? याला तर आपल्यापाशी घरचं उत्तर आहे. वर्धा अन् वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत, आणि गोदावरीचा गाळ बंगालच्या उपसागरात. त्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ मध्ये जॉइडेस रिझोल्युशन जहाजानं ड्रिलिंग करून हायड्रेट काढलं. तिथं पर्माफ्रॉस्ट नाही, किलोमीटरभर पाण्याचा दाबच सगळं काम करते. तो गॅस काढणं सोपं नाही, जपाननं २०१३ मध्ये समुद्रात चाचणी केली तर सहा दिवसांतच विहिरीत रेती येऊन काम थांबलं. रेतीनं मोटार जाम होणं आपल्याला काय नवीन.

नेताना मातीचे डबे थर्माकोलच्या पेटीत, भोवती बर्फ अन् खडेमीठ, डब्याची झाकणं टेपनं घट्ट बंद, नाहीतर मीठ आत जाऊन साधी मातीही मऊ पडते. खारा डबा या पेटीत दगड होऊ शकते, तो दाखवायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. साध्या मातीचा दुसरा डबा राखीव ठेवा, परीक्षक समोर येईपर्यंत उघडूच नका, ते अकराचा टाइम देतात अन् चारला येतात.